पत्ते जुळले तरी पॉइंटर एक नसतात: तुलना लिहिताना या चुका टाळा

२०१६ साली लिनक्स कर्नलमधल्या एका अगदी साध्या लूपची थांबण्याची अटच गायब झाली. कर्नलच्या आत बांधून टाकलेल्या फर्मवेअरची (उपकरणांत भरायच्या कोडची) यादी चाळणारा तो लूप होता. यादीची सुरुवात आणि शेवट दाखवणाऱ्या दोन खुणा लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम, देतो. सुरुवातीपासून निघायचं, एकेक नोंद पुढे सरकायचं आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरून ठेवणारा चल) शेवटाच्या खुणेशी समान झाला की थांबायचं, एवढंच काम. सी शिकलेल्या कुणालाही त्यात दोष दिसला नसता. पण तेव्हा घडत असलेल्या जीसीसी ७ या कंपायलरने ती तुलना पूर्णपणे काढून टाकली.

कंपायलरचा तर्क असा होता. दोन्ही खुणा कोडमध्ये दोन स्वतंत्र एक्स्टर्न (दुसरीकडे व्याख्या असलेले) ॲरे म्हणून जाहीर केलेल्या आहेत. पॉइंटर पहिल्या ॲरेतून निघालेला आहे. एका ॲरेतून निघालेला पॉइंटर चालत चालत दुसऱ्या ॲरेत पोचू शकत नाही, म्हणून ‘समान नाही’ ही अट कायम खरी. जे कायम खरं आहे ते दर फेरीला तपासायचं कशाला?

या तर्कातली प्रत्येक पायरी ज्या विश्लेषणावर उभी आहे, त्याला अलायसिंगचं विश्लेषण म्हणतात. दोन पॉइंटर एकाच मेमरीला हात घालतात का, हे ओळखण्याचं ते काम. पॉइंटरची तुलना करणाऱ्या कोडमधल्या ज्या चुका ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड वेगवान करणं) चालू केल्यावरच दिसतात, त्यांच्या मुळाशी मला बहुतेक वेळा एकच गफलत दिसते. ‘या दोन पॉइंटरमधून होणारे मेमरीचे व्यवहार एकमेकांत अडकतात का?’ हा एक प्रश्न. ‘या दोन पॉइंटरमधले पत्ते समान आहेत का?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर चिकटवलं, किंवा दुसऱ्याचं पहिल्यावर, की कोड बिघडतो. ही गफलत प्रोग्रामर करतात आणि कंपायलर लिहिणारेसुद्धा.

चूक पहिली: ‘अलायस नाही’ म्हणजे ‘पत्ते वेगळे’ असं समजणं

एलएलव्हीएम या कंपायलर-संचाच्या दस्तावेजात ‘नो-अलायस’ या उत्तराचा अर्थ नीट वाचण्यासारखा आहे. दोन पॉइंटर वेगवेगळ्या जागा दाखवत असतील तर ते उत्तर मिळतं, हे उघडच आहे. पण दोन्ही पॉइंटर फक्त वाचण्यासाठी वापरले जात असतील तरीही तेच उत्तर चालतं. एका पॉइंटरमधून काम झाल्यावर मेमरी मोकळी करून पुन्हा घेतली आणि मग दुसऱ्या पॉइंटरमधून काम झालं, तरीही चालतं. शेवटच्या दोन प्रसंगांत पत्ते अगदी एकच असू शकतात. तरी उत्तर बरोबर आहे, कारण विचारलेला प्रश्न व्यवहारांबद्दल होता, पत्त्यांबद्दल नव्हता.

पॉइंटरला लावायच्या रिस्ट्रिक्ट या शब्दाचंही तसंच. सी९९ ने, म्हणजे सी भाषेच्या १९९९ च्या मानकाने, हा शब्द भाषेत आणला, तेव्हापासून ‘रिस्ट्रिक्ट लावलं म्हणजे दोन्ही पॉइंटर वेगळे’ असं वाक्य सर्रास ऐकू येतं. मानकातलंच एक उदाहरण त्याला छेद देतं. तिथे एका फंक्शनला रिस्ट्रिक्ट लावलेले तीन पॉइंटर दिले आहेत. दोघांमधून वाचायचं, बेरीज करायची आणि तिसऱ्यात लिहायचं. वाचायच्या दोन्ही पॉइंटरना एकच ॲरे दिला तरी ते वैध आहे, असं मानक सांगतं, कारण त्या ॲरेत कुणी काही बदलत नाही. रिस्ट्रिक्ट हे लिहिण्याबद्दलचं वचन आहे.

याच्या जोडीने येणारी व्यवहारातली चूक म्हणजे दोन बफर एकमेकांवर चढतात का, हे फक्त ‘समान आहे का’ एवढ्या तपासणीने ठरवणं. पत्ते समान नसले तरी एक बफर दुसऱ्यापेक्षा चार बाइट पुढे असू शकतो, आणि मग मेमकॉपी (बाइट उतरवून घेणारं फंक्शन) तुमचा डेटा बिघडवते. शंका असेल तिथे मेममूव्ह वापरा; ती एकमेकांवर चढलेले बफरही नीट उतरवते. ती किंचित हळू असेल या भीतीने स्वतःची तपासणी लिहू नका.

चूक दुसरी: ‘समान निघाले’ म्हणजे ‘अदलाबदल चालेल’ असं समजणं

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही चूक, म्हणून इथे जरा थांबतो.

समजा एक्स आणि वाय हे दोन ग्लोबल पूर्णांक मेमरीत लागोपाठ बसले आहेत. पी हा पॉइंटर ‘एक्सचा पत्ता अधिक १’ आहे, म्हणजे एक्सच्या शेवटानंतरचा. क्यू हा वायचा पत्ता. दोघांतले आकडे तंतोतंत एकच. आता पी मधून ११ लिहिलं तर वाय बदलेल का? हार्डवेअरच्या दृष्टीने बदलेल. सी भाषेच्या दृष्टीने मात्र पी हा एक्सपासून निघालेला आहे, आणि एक्सच्या हद्दीबाहेर लिहिण्याचा अधिकार त्याला नाही. जीसीसीवर हा प्रयोग झालेला आहे: दोन्ही पॉइंटरचे बाइट मेमसीएमपीने ताडून पाहायचे, जुळले तरच पी मधून ११ लिहायचं. बाइट जुळले, लेखनही झालं, आणि तरी त्यानंतर छापलेली वायची किंमत जुनीच, २ निघाली. कंपायलरने वाय कुणी बदललाच नाही असं धरून २ हा आकडा थेट छपाईत बसवला होता.

दोन शेतांच्या बांधावरचा दगड एकच असतो, पण सातबारा दोन असतात. पॉइंटरचा पत्ता म्हणजे तो दगड; तो कुठल्या ऑब्जेक्टपासून (चल किंवा ॲरेपासून) निघाला ही माहिती म्हणजे सातबारा. कंपायलरच्या जगात या दुसऱ्या गोष्टीला प्रॉव्हेनन्स म्हणतात. चालू प्रोग्रॅममध्ये ती कुठेच साठवलेली नसते, पण ऑप्टिमायझर तिच्यावर निर्णय घेतो.

मग अशा दोन पॉइंटरची ‘समान आहे का’ ही तुलना काय उत्तर देईल? सी९९ पासून मानकाचा मजकूर स्पष्ट आहे: एका ॲरेच्या शेवटानंतरचा पॉइंटर आणि त्याला लागून असलेल्या दुसऱ्या ॲरेच्या सुरुवातीचा पॉइंटर समान ठरतात. तरीही जीसीसी काही वेळा ‘समान नाही’ असं उत्तर देतो. दोन्ही पत्ते छापले तर एकच आकडा दिसतो आणि शेजारी तुलनेचं उत्तर ० येतं. जीसीसीच्या त्रुटींच्या यादीत ६१५०२ क्रमांकाखाली २०१४ पासून हीच तक्रार आहे. तिच्या चर्चेत दोन्ही बाजूंना आधार मिळतो, कारण मानक समितीने डिफेक्ट रिपोर्ट २६० ला उत्तर देताना असं म्हटलं होतं की पॉइंटरचे बिट जुळत असले तरी मूळ वेगळं असेल तर अंमलबजावणीने त्यांना वेगळं मानायला हरकत नाही. मला स्वतःला मानकाचा मजकूर पाळणं जास्त योग्य वाटतं. पण आपला कोड कुणाच्या मतावर चालत नाही, हातातल्या कंपायलरवर चालतो. म्हणून एका ऑब्जेक्टच्या शेवटानंतरचा पॉइंटर दुसऱ्या ऑब्जेक्टच्या पॉइंटरशी ताडू नका. उत्तर काहीही येऊ शकतं, एवढं धरून चाला.

घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणाऱ्या रिअॅलॉकची कथा याहून जास्त लोकांना चावलेली आहे. जुना पॉइंटर पी. रिअॅलॉकने परत दिलेला क्यू. ‘दोघे समान असतील तर मेमरी हललेली नाही, मग जुना पॉइंटर वापरायला काय हरकत?’ असा विचार साहजिक वाटतो. समान आहेत हे तपासून पी मधून १ लिहा, क्यू मधून २ लिहा आणि दोन्हींतून वाचून छापा: क्लँगने (एलएलव्हीएमवर उभ्या असलेल्या सी कंपायलरने) अशा प्रोग्रॅममधून ‘१ २’ छापलेलं आहे. रिअॅलॉकने नवा ऑब्जेक्ट दिला, जुन्याचं आयुष्य संपलं. तुलना खरी निघाल्याने जुना पॉइंटर पुन्हा जिवंत होत नाही. रिअॅलॉक यशस्वी झाला की जुन्या पॉइंटरचं नावसुद्धा घेऊ नका. त्या बफरच्या आत दाखवणारे इतर पॉइंटर असतील तर रिअॅलॉकच्या आधीच त्यांचे इंडेक्स काढून ठेवा आणि नंतर नव्या पॉइंटरवरून ते पुन्हा उभे करा. ‘हललं नाही तर दुरुस्तीची गरज नाही’ हा आडमार्ग मोह पाडतो, पण तो बंदच ठेवा.

कंपायलर लिहिणारे याच खड्ड्यात पडले, हे जाणून घेण्यासारखं आहे. दोन पूर्णांक समान आहेत हे अटीतून कळलं की त्या अटीच्या आत एकाच्या जागी दुसरा वापरणं हे जुनं, निर्धोक ऑप्टिमायझेशन. एलएलव्हीएमने तेच पॉइंटरलाही लावलं. पी आणि क्यू समान, म्हणून क्यूच्या जागी पी ठेवला. मग पी चं मूळ एक्स आहे म्हणून त्यातून केलेलं लेखन वायला लागू नाही असं ठरवलं. आणि बरोबर लिहिलेला प्रोग्रॅम चुकीचा झाला. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे पटण्यासारखी, एकत्र केल्यावर चुकीची. २०१८ च्या ऊप्स्ला परिषदेतल्या एका शोधनिबंधाने या गुंत्याची नीट मांडणी केली. समान ठरलेला पॉइंटर दुसऱ्याच्या जागी ठेवता येईल का, हे आधी विचारणारं एक स्वतंत्र फंक्शन आता एलएलव्हीएममध्ये आहे.

चूक तिसरी: प्रकार वेगळे असताना तुलनेची ढाल करणं

ही वरच्याचीच धाकटी बहीण. एक पॉइंटर इंटचा, दुसरा फ्लोटचा. दोन्ही व्हॉइड पॉइंटर करून ताडले, समान निघाले, म्हणून आत एका वाटेने लिहिलं आणि दुसऱ्या वाटेने वाचलं. तुलना बरोबर उत्तर देते. पण स्ट्रिक्ट अलायसिंगच्या नियमानुसार इंटमधून केलेलं लेखन फ्लोटमधून वाचलेल्या किमतीवर परिणाम करत नाही असं कंपायलर धरतो आणि दोन्हींचा क्रम बदलतो. जीसीसीत हे -ओ२ या ऑप्टिमायझेशनच्या पातळीपासून चालू असतं. लिनक्स कर्नल मात्र हे गृहीतक बंद करणारा -एफ-नो-स्ट्रिक्ट-अलायसिंग हा फ्लॅग देऊनच बांधला जातो. बिट तसेच ठेवून प्रकार बदलायचा असेल तर मेमकॉपी वापरा. छोट्या आकारांसाठी कंपायलर तिचं एका सूचनेत रूपांतर करतो.

चूक चौथी: सीमा ओलांडून झाल्यावर सीमा तपासणं

‘बफर अधिक लांबी हे बफरपेक्षा लहान असेल तर बेरीज उलटली’ ही तपासणी नेटवर्कच्या कोडमध्ये वर्षानुवर्षं लिहिली गेली. पॉइंटरची बेरीज ऑब्जेक्टच्या बाहेर जाऊच शकत नाही असं भाषा मानते, आणि लांबी चिन्हरहित आहे, म्हणजे ही अट कधीच खरी होणार नाही, असं कंपायलर ठरवतो. तपासणी गेली, हल्लेखोराला दार उघडं. एप्रिल २००८ मध्ये सीईआरटी या संगणक-सुरक्षेच्या संस्थेने याच विषयावर १६२२८९ क्रमांकाची सूचना काढली होती. तरी हा नमुना आजही नव्या कोडमध्ये दिसतो, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण उपाय अगदी सोपा आहे: पॉइंटर ताडू नका, लांब्या ताडा. ‘लांबी ही शेवट वजा बफर यापेक्षा मोठी आहे का?’ असं विचारा. शेवट आणि बफर एकाच ऑब्जेक्टमधले असल्याने वजाबाकी वैध, आणि बाहेर जाणारी बेरीज मुळात होतच नाही.

लहान-मोठेपणाच्या तुलनेबद्दल आणखी एक. सीमध्ये दोन वेगळ्या ऑब्जेक्टच्या पॉइंटरना ‘लहान’ किंवा ‘मोठा’ या चिन्हांनी ताडणं हे अनडिफाइन्ड बिहेवियर आहे, म्हणजे पुढे काय घडेल याची भाषा कसलीच हमी देत नाही. सी++ मध्ये नियम थोडा सौम्य आहे, उत्तर अनिश्चित असतं, पण प्रोग्रॅमचा अर्थ नष्ट होत नाही. पॉइंटर क्रमाने लावायचे असतील तर सी++ मध्ये एसटीडी-लेस वापरा; ते सगळ्या पॉइंटरना एकच सुसंगत क्रम देण्याची हमी घेतं.

पॉइंटर नल आहे का, म्हणजे कशालाच दाखवत नाही का, ही तपासणीही याच जातीची. २००९ मध्ये लिनक्सच्या टन या आभासी नेटवर्क ड्रायव्हरमध्ये (सुरक्षा-त्रुटी क्रमांक सीव्हीई-२००९-१८९७) आधी पॉइंटरमधून एक सदस्य वाचला होता आणि पुढच्या ओळींत तो पॉइंटर नल आहे का, हे पाहिलं होतं. वाचलं म्हणजे नल नव्हता, असं जीसीसीने अनुमान काढलं आणि तपासणी पुसली. आधी तपासा, मग वाचा. जाहीर करतानाच किंमत भरण्याच्या सवयीमुळे हा क्रम नकळत उलटतो.

चूक पाचवी: पत्ता कुणाला कळला, याचा हिशेब न ठेवणं

नवी मेमरी मिळवून देणाऱ्या मॅलॉकने दिलेला पॉइंटर फंक्शनच्या बाहेर कुठेच गेला नसेल, तर तो कुणाला अंदाजानेही सापडणार नाही असं एलएलव्हीएम मानतो. मग दुसरीकडून आलेल्या पॉइंटरशी त्याची तुलना थेट ‘समान नाही’ होते. एवढंच नाही, ती मेमरी वापरलीच जात नसेल तर मॅलॉकसुद्धा काढला जातो आणि त्याची नल तपासणी ‘यशस्वी’ ठरवली जाते. सिस्टम किती मेमरी देते हे पाहण्यासाठी प्रचंड आकार मागणारी छोटी चाचणी लिहिली आणि ती कधी अपयशी होतच नाही, असं दिसलं तर आधी कंपायलरने तयार केलेली असेंब्ली पाहा. तिथे मॅलॉकचा कॉलच नसण्याची शक्यता मोठी.

दोष शोधताना यातून एक विलक्षण अडचण येते. काय चाललंय ते पाहायला तुम्ही दोन्ही पत्ते प्रिंटएफने छापता. छापल्यामुळे पत्ता बाहेर गेला. कंपायलरचं अनुमान बदललं. दोष नाहीसा झाला. छपाईची ओळ काढली की परत हजर. अशी लपाछपी सुरू झाली की डेटाच्या शर्यतीचा (दोन थ्रेड एकाच वेळी एकाच मेमरीला हात घालण्याचा) किंवा हार्डवेअरचा संशय घेण्याआधी पॉइंटरच्या तुलनांकडे बघा.

बिघाड सापडत नसेल तेव्हा

-ओ० वर, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद असताना, चालतं आणि -ओ२ वर मोडतं, एवढ्याने निष्कर्ष काढू नका. -ओ२ तसंच ठेवून एकेक गृहीतक बंद करत जा. -एफ-नो-स्ट्रिक्ट-अलायसिंगने सुधारलं तर प्रकारांचा गोंधळ. -एफ-रॅपव्ही-पॉइंटरने सुधारलं तर सीमेची बेरीज. -एफ-नो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्सने सुधारलं तर नलची उशिरा केलेली तपासणी. जीसीसीत -एफ-नो-ट्री-पीटीए देऊन पॉइंटर कुठे दाखवतात हे विश्लेषणच बंद करता येतं. त्याने फरक पडला तर वेगळ्या ऑब्जेक्टची तुलना किंवा जुना पॉइंटर शोधा. हे फ्लॅग रोगाचं नाव सांगतात. औषध म्हणून ते कायमचे ठेवायचे की नाही हा वेगळा निर्णय, आणि लहान प्रकल्पात मी मूळ कोड दुरुस्त करण्याच्या बाजूने आहे.

लिंकरच्या खुणांसारखी खरीखुरी गरज असेल, म्हणजे दोन नावं प्रत्यक्षात एकाच सलग जागेची दोन टोकं असतील, तर कंपायलरपासून मूळ लपवावं लागतं. कर्नलमध्ये त्यासाठी रिकाम्या इनलाइन असेंब्लीचा मॅक्रो आहे: त्यातून गेलेला पॉइंटर कुठून आला हे ऑप्टिमायझरला कळत नाही. २०२० च्या सुमारास क्लँगने अशा तुलनांवर ‘दोन ॲरेंची तुलना नेहमी एकच स्थिर उत्तर देते’ असा इशारा द्यायला सुरुवात केल्यावर कर्नलमध्ये अनेक ठिकाणी त्या ओळी बदलाव्या लागल्या. हा इशारा तुमच्या बांधणीत दिसला तर तो दाबू नका.

पॉइंटरचा यूइंटपीटीआर (पत्ता मावेल असा पूर्णांक) करून ताडणं हा मानकाच्या दृष्टीने जास्त सुरक्षित मार्ग आहे, कारण पूर्णांकांची तुलना नेहमीच अर्थपूर्ण असते. सीसाठीच्या प्रॉव्हेनन्सच्या नव्या प्रारूपात, जे टीएस ६०१० या तांत्रिक विनिर्देशात मांडलेलं आहे, असं रूपांतर केलं की त्या ऑब्जेक्टचा पत्ता ‘उघड झाला’ असं मानलं जातं. रस्ट भाषेने जानेवारी २०२५ च्या १.८४ आवृत्तीत नुसता पत्ता काढणं आणि मूळ उघड करणं यांसाठी वेगवेगळी फंक्शनं स्थिर केली. कोड वाचणाऱ्याला हेतू कळतो म्हणून मला ती पद्धत फार आवडते. पण यूइंटपीटीआरमुळे मिळतं ते फक्त तुलनेचं खरं उत्तर. त्या उत्तराच्या जोरावर चुकीच्या पॉइंटरमधून लिहिलं, तर दुसऱ्या चुकीतला वाय जसा जुना राहिला तसंच होईल.

सॅनिटायझर, म्हणजे प्रोग्रॅम चालताना चुका पकडणारी साधनं, वापराच, पण त्यांची मर्यादा ओळखून. जीसीसीतला पॉइंटर-कंपेअर सॅनिटायझर ॲड्रेस सॅनिटायझरसोबत चालवावा लागतो, आणि चालवताना डिटेक्ट-इनव्हॅलिड-पॉइंटर-पेअर्स ही किंमत १ किंवा २ ठेवावी लागते. नाहीतर तो गप्प राहतो. तो फक्त लहान-मोठेपणाच्या चार तुलना पाहतो. ‘समान’ आणि ‘असमान’ या दोन तुलना त्याच्या कक्षेतच नाहीत. त्यामुळे त्या डोळ्यांनीच शोधाव्या लागतात: रिअॅलॉकनंतरच्या सगळ्या तुलना, दोन वेगळ्या एक्स्टर्न नावांमधल्या तुलना, आणि ज्या अटीच्या आत दोन्ही बाजूंच्या पॉइंटरमधून लिहिलं-वाचलं जातं अशा तुलना, याच क्रमाने.